कोणतं औषध

किन्हीराजा,
सोमवार, दुपार

प्रिय सुप्रिया,

पाकीट पाहून तू आधी घाबरशील आणि मग हसशील. दिवसाआड फोनवर भांडणारी बहीण एकदम पत्र लिहायला बसली म्हणजे हिचं डोकं फिरलं, असं म्हणशील. डोकं ठिकाणावर आहे बाई. हे मला फोनवर बोलता येत नाही. दोनदा करून पाहिलं. पहिल्यांदा तू म्हणाली, "थांब वं ताई, भाजी लागून राह्यली," आणि तू गॅस बंद करून येईपर्यंत माझा धीर गेला. दुसऱ्यांदा तू हॅलो म्हणाली आणि माझ्या तोंडून निघालं, जेवली का. म्हणून आज अंगणवाडी सुटल्यावर चटया गोळा केल्या, मदतनीस बाईला घरी पाठवलं आणि पोरांच्याच बुटक्या टेबलाशी लिहायला बसले. गुडघे हनुवटीला लागून राह्यलेत, अक्षर वाकडंतिकडं आलं तर समजून घे. पत्र एकटीनं वाच. दिनेशरावांना दाखवायचंच आहे, पण नंतर. आणि संपेपर्यंत फाडू नको, एवढं माझं ऐक. आजवर तू माझं सगळंच ऐकत आली, आणि या पत्रात मला त्याचीच मोठी भीती वाटते.

इकडचं म्हणशील तर पावसानं उघडीप दिली आहे. सोयाबीन पिवळं पडून राह्यलं, ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. माझ्या तिघी पोरी बऱ्या आहेत. थोरली बारावीला गेली, अभ्यास कमी आणि तोंड जास्त, माझ्यावरच गेली म्हण. अंगणवाडीत यंदा एकतीस पोरं आहेत. महिन्याच्या महिन्याला वजनं घेते, तक्ते भरते, आणि दर वेळी काट्याच्या झोळीत तान्हं पोर ठेवलं की मला आपली दुर्वा दिसते. तिचं वजन मी या हातांनी किती वेळा केलं! नऊ महिन्यांची झाली तरी काटा पाच किलोच्या पुढे सरकेना. तू विचारायची, ताई, काटा तर खराब नाही ना? मी तुझ्या समाधानासाठी झोळी काढायची, काटा झटकायची आणि पुन्हा लावायची. काटा चांगला होता, सुपे.

दूध पिताना तिच्या कपाळावर घाम यायचा, आठवते? दोन घोट घेतले की सोडून द्यायची आणि धापा टाकायची. महिन्यात दोनदा खोकला, छातीची घरघर. शेजारची म्हणाली नजर लागली, तुझ्या सासूबाई म्हणाल्या अंगावरचं दूध जड पडते, आणि मी म्हटलं, होईल बरी, असतात एकेक लेकरं नाजूक. मी म्हटलं! मला हे सगळं प्रशिक्षणात शिकवलं होतं, चित्रं दाखवून शिकवलं होतं. शेवटी तपासणीच्या गाडीतून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या छातीला नळी लावली आणि लगेच मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली. मग अकोला, मग नागपूर. हृदयाला भोक आहे म्हणाले. डॉक्टरांनी तुला कागदावर चित्र काढून दाखवलं, चार खोल्यांचं घर आणि मधल्या भिंतीला पडलेलं खिंडार. तू तो कागद बारीक घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला. ऑपरेशन सरकारी योजनेत बसलं, तारीखही मिळाली. तारखेच्या नऊ दिवस आधी तिला न्युमोनिया झाला आणि ती गेली. अकरा महिन्यांची होती. हे तुला कशाला सांगायचं, तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे. पण ते ओलांडून मला पुढचं लिहिता येत नाही.

मागच्या बुधवारी मी शेलूबाजारला तुझ्या सासरी जाऊन आले. तुला सांगितलं नाही, कारण तू म्हणाली असती, त्या घरात कायले गेली? तुझ्या सासूबाई, प्रयागबाई, ओळखू येत नाहीत गं. अर्ध्या राहिल्यात. त्या बाईचा आवाज रस्त्यावरून ऐकू यायचा, मजुरांना शिव्या देत मेथी उपटून घ्यायच्या, आणि आता ओट्यावर बसून असतात. यंदा कोबी लावू दिला नाही त्यांनी. फवारणीचा पंप तुझ्या सासऱ्यांनी, शालिकराममामांनी, कोणालातरी देऊन टाकला, कारण तो दिसला की त्या जेवत नाहीत. मला पाहून त्यांनी चहा ठेवला, साखर दोनदा टाकली. मग माझा हात धरून म्हणाल्या, "रूपाबाई, तू तं शिकली-सवरली हायस, तूच सांग मले. माह्याच हातानं गेली का वं पोरगी?" आणि मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, देवाची मर्जी, मामी. चहा प्याले आणि साडेचारच्या जीपनं परत आले. माय वं, असा चहा वैऱ्यालाही मिळू नये.

त्यांना असं का वाटतं ते तुला माहीत आहे, कारण ते तूच त्यांना सांगितलं. दुर्वाच्या तेराव्याला, सगळे पाहुणे बसलेले असताना, तू त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली, "आत्याबाई, तुमी मारली माही पोरगी." दिनेशरावांनी तुला आवरलं नाही, कारण त्यांनाही तसंच वाटत होतं. आठच दिवसांत तुम्ही थोरल्या रुचिकाला घेऊन कारंज्याला निघून गेले. कस्तुरचंद शेठ भला माणूस, दिनेशरावांना दुकानात ठेवून घेतलं आणि मागची खोलीही दिली. पण एकुलता एक पोरगा, आणि आईच्या घरी दिवाळीलाही यायचा नाही. हे सगळं ज्या एका शब्दावरून झालं, त्या शब्दाबद्दल मला लिहायचं आहे.

नागपूरचा तो पहिला दिवस आठव. दिनेशराव केसपेपरच्या रांगेत होते. आपण दोघी बाकावर, दुर्वा तुझ्या मांडीत. एक चष्मेवाली तरुण बाई आली. अशी लेकरं का जन्मतात याचा त्यांचा अभ्यास चालू होता, म्हणून आयांना विचारत होत्या. चार पानं भरून प्रश्न. लग्न नात्यात झालं का, तेव्हा वय काय होतं, चुलीवर स्वयंपाक करता का, घरात कोणी बिडी ओढतं का, पहिल्या महिन्यांत ताप आला का, अंगावर पुरळ उठलं का, रक्त किती होतं. तुझं रक्त आठ होतं. आठवड्यातून पालेभाजी किती वेळा खायची असं विचारलं तेव्हा तू हसली. "मॅडम, आमी पालेभाजी लावतो, खात नाही. मेथी-सांबाराच्या, कोथिंबिरीच्या, जुड्या सकाळच्या जीपनं बाजारात जातात. घरी आपलं पिठलं, नाही तं ठेचा." त्या बाई हसल्या नाहीत. खाली मान घालून लिहीत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "पोट राहिल्यावर पहिल्या दोन महिन्यांत कोणतं औषध?"

आपण भाजीवाल्यांच्या घरातली माणसं. आपल्याकडे दवाखान्याची गोळी ती गोळी, सुई ती सुई, आणि औषध म्हटलं की झाडावर मारायचं औषध. तुझा चेहरा असा झाला की मीच घाबरले. तू म्हणाली, "हो मॅडम, कोबीवरचं औषध. मजूर आला नव्हता तं आत्याबाईनं मले कालवाले लावलं होतं. हातानंच कालवलं मी." त्या बाई पहिले दोन महिने म्हणाल्या होत्या, ते तुझ्या कानावर पडलंच नाही. दुर्वा रडायला लागली, दिनेशरावांनी रांगेतून हाक मारली, आणि त्या बाईंनी पान उलटलं. तू त्या दिवसापासून ते औषध मनात धरून बसली.

त्या कोणतं औषध विचारत होत्या ते मला कळलं होतं. तसे प्रश्न मी स्वतः गावातल्या बायांना विचारते. मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत आणि सोडत बसले. आणखी एक गोष्ट मला माहीत होती आणि तुला त्या घाबरलेपणात आठवली नाही. कोबीचं औषध तू कालवलं तेव्हा तुला सहावा संपत आला होता. मी त्याच आठवड्यात प्रयागबाईंकडे तुझ्या डोहाळजेवणाचा दिवस धरायला आले होते, आणि तुझे हात साबणानं दोनदा धुवून घेतले होते. बाळाचं हृदय त्याच्या कितीतरी आधी घडून गेलेलं असतं, सुपे. दुसरा महिना सरेपर्यंत त्याच्या भिंती उभ्या राहतात. पोटुशी बाईनं फवारणीच्या औषधाला शिवू नये हे खरंच, आणि प्रयागबाईंनी ते करायला लावलं ही त्यांची चूकच. पण दुर्वाच्या हृदयाचं भोक त्या दिवसाचं नाही.

आता जे लिहिते ते एका दमात लिहिते, थांबले तर राहून जाईल. आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांची होती आणि मी सतरा. तुझ्या वेण्या मी घातल्या, तुझं स्थळ मी पाहिलं, लग्नात आईच्या जागी मी उभी राहिले. माझं काय झालं ते तू पाहिलंच आहे. एक पोरगी झाली, दुसरी झाली, तिसरीच्या बारशाला आमचे हे आलेच नाहीत, आणि वर्षाच्या आत त्यांनी पुण्याला दुसरं बिऱ्हाड थाटलं. तिथे त्यांना मुलगा झाला हे मला किराणा दुकानदारानं सांगितलं. तुला रुचिका झाली तेव्हापासून मला वाटायचं, तुझंही माझ्यासारखंच होणार. तुझ्या सासरी कोणी तुला एक शब्द बोललं नव्हतं, हे आज कबूल करते. प्रयागबाईंनी तर रुचिकाचे पेढे वाटले होते. भीती माझी होती, आणि ती मी तुझ्या घरात नेऊन ठेवली. तू मला फोन केला की ताई, पाळी चुकली, अजून कोणाला सांगितलं नाही. मी दुसऱ्याच दिवशी जीपमध्ये बसले आणि एका माणसाकडे गेले. मुलगा होण्याचं औषध देतो तो. त्याचं नाव-गाव इथे लिहीत नाही, ज्याला सांगायचं त्याला मी सांगणार आहे. त्यानं कागदाच्या पुडीत तीन काळ्या गोळ्या दिल्या. दीड महिन्याच्या आत, रविवारी, पूर्वेला तोंड करून, पहिल्या खेपेला गोऱ्हा झालेल्या गाईच्या दुधाबरोबर. आणि घेणारीला कळू द्यायचं नाही.

आठवला का तो रविवार? मी गुळात मळून तीन गोळ्या आणल्या होत्या आणि म्हटलं होतं, देवीचा प्रसाद आहे, नवस बोलून आले. तू आंघोळ करून आली, डोक्यावर पदर घेतला, प्रसाद कपाळाला लावला आणि खाल्ला. दूध कुठलं म्हणून विचारलंही नाही. त्यात काय होतं मला तेव्हाही माहीत नव्हतं, आजही नाही. तसल्या गोळ्यांनी लेकरांत दोष येतात असं आम्हाला सांगितलेलं होतं. मी मान हलवून वहीत उतरवूनही घेतलं होतं. वहीतलं दुसऱ्यांच्या पोरींसाठी असतं, आपल्या घरी आपण वेगळ्या असतो, असं काहीसं माझ्या डोक्यात असावं. नीट सांगता येत नाही मला.

आणि एवढ्यावर थांबले नाही मी. तो माणूस म्हणाला होता, दुसरी कोणतीही गोळी पोटात गेली की आपलं औषध मरते. म्हणून मी तुला बजावलं की तीन महिने कोणाला सांगू नको, नजर लागते, आणि आशाताईंनी फोलिकच्या गोळ्या दिल्या तरी फळीवर ठेव, गरम पडतात. त्या बारक्या पिवळ्या गोळ्या! मी किन्हीराज्यात दारोदार फिरून बायांना सांगते की पोट राहायच्या आधीपासून घ्या, लेकराच्या अंगाची जडणघडण त्यावर आहे. सोप्यात सोपी, फुकट मिळणारी गोष्ट. ती मी तुला घेऊ दिली नाही. चौथ्या महिन्यात तू आशाताईंकडे नाव नोंदवलं तेव्हा त्यांची बोलणी तुला बसली आणि तू मुकाट्यानं ऐकून घेतली, माझं नाव सांगितलं नाही. ताई अंगणवाडीत आहे, तिले समजते, एवढंच तू म्हणाली असं त्या मला नंतर म्हणाल्या.

दुर्वाला माझ्याच गोळ्यांनी झालं, असं छातीठोकपणे कोणी सांगू शकणार नाही. त्या चष्मेवाल्या बाईंना मी एप्रिलमध्ये एकटी जाऊन भेटले. सगळं सांगितलं. त्या मला रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, एका लेकराचं कारण एका गोष्टीवर बोट ठेवून सांगता येत नाही. आईचं रक्त कमी, खाणं अपुरं, फोलिक नाही, त्यात तसलं औषध, यातलं कशानं किती झालं हे कोणालाच कळणार नाही, आणि काही नसतानाही असं होतं. मी ते वाक्य घेऊन चार महिने जगले. काही नसतानाही होतं. रोज सकाळी तेवढं म्हणून उठायची आणि तुझ्याशी गप्पा मारायची. तू फोनवर सासूला शिव्या द्यायची आणि मी हं हं करायची. तुझ्या लेकराचं दुःख तर आहेच, पण एका म्हाताऱ्या बाईच्या डोक्यावर माझं पाप ठेवून मी शांत झोपत होते, हेही तुला कळू दे.

हे कदाचित मी मेल्यावरही सांगितलं नसतं. एवढी काही मी चांगली नाही. पण परवा शनिवारी तुझा फोन आला. तू इतकी हळू बोलत होती की मला आधी कळेचना. पाळी चुकली, महिना होऊन वर सात दिवस झाले, दिनेशरावांनाही अजून सांगितलं नाही. आणि मग तू म्हणाली, "ताई, मले पोरगा-पोरगी काही नाही पाह्यजे, लेकरू फक्त जित्तं राहू दे. मागच्या वेळी देवीचा प्रसाद तू आणला होता, मी तो खाल्ला आणि नवस फेडाचा राहून गेला आपला, म्हणून देवी कोपली असंन. या वेळी पुन्हा आण. तुह्या हातानं दे. तीन महिने मी कोणाले सांगत नाही." मी हो म्हणाले, सुपे. सवयीनं हो म्हणाले आणि फोन ठेवला.

मी येणार नाही. देवी कोपलेली नाही, नवस कधी बोललाच नव्हता. उद्याच्या उद्या दिनेशरावांना सांग आणि कारंज्याच्या दवाखान्यात जाऊन नाव घाल, तीन महिने थांबू नको, ते तीन महिनेच सगळ्यात मोलाचे आहेत. फोलिकची गोळी आजपासून, मिळेल तिथून. रक्त तपासून घे. पालेभाजी विकत घेऊन खा, विकणाऱ्या घरची असली तरी. पाचव्या महिन्यात बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी कर म्हणून डॉक्टरांना आपणहून सांग, आणि हे पत्र त्यांच्यापुढे ठेव, कोणतं औषध विचारलं तर त्यात लिहिलं आहे. पत्र टाकून मी सरळ शेलूबाजारला जाते, प्रयागबाईंना सांगायला. त्या मला दारातून हाकलतील तर हाकलू दे. तू त्यांच्याकडे जा. या दिवसांत तुला मोठ्या बाईची गरज आहे आणि ती आता मी नाही. माझ्या नावानं बोटं मोड, फोन उचलू नको, रुचिकाला मावशी नाही असं सांग, सगळं मला चालेल. फक्त बाळ होईपर्यंत माझ्या हातचं काही खाऊ नको.

तुझीच म्हणू देशील तर,
रूपाताई